छपाई चालू, छापणारा मात्र बंद!

"काळ बदलला, आता सगळे मोबाईलवर होते, छापखाने, छापील तिकिटे, वर्तमानपत्रे यांचे दिवस संपले" असे हल्ली आम्हा कामगारांना उठताबसता ऐकवले जाते. ऐकवणाऱ्यांपैकी कोणाचाही पगार या 'डिजिटल'पायी एका रुपयानेही कमी झालेला नाही. आणि आम्ही "आमच्या माणसांचे काय?" असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते : कोलकात्याकडे बघा, युनियनवाल्यांनी संगणकाला विरोध केला आणि शहर मागे पडले! ठीक आहे. आपण कोलकात्याचाच हिशेब मांडू.

कोलकाता आम्हाला परके नाही. जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेपासून २००३ सालापर्यंत नागपूर-गोंदियाच्या रेल्वे कामगाराचे मुख्यालय कोलकात्याच्या गार्डन रीचलाच होते. मराठी छपाईचे नातेही तिथलेच. हावड्याहून लोकल गाडीने जाता येणाऱ्या श्रीरामपूरच्या छापखान्यात १८०५ साली विल्यम कॅरेने मराठी भाषेचे व्याकरण छापले. त्या छापखान्याचे खिळे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांच्यासारख्या कारागिरांनी घडवले. छपाई त्या काळचे नवे तंत्रज्ञान होते आणि ते कारागिराच्या हातूनच उभे राहिले. नव्या तंत्राला कामगार भितो म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

देशातले पहिले छापील वर्तमानपत्र, हिकीचे 'बेंगॉल गॅझेट', २९ जानेवारी १७८० रोजी कोलकात्यातच निघाले. १९३५ साली 'आनंदबाजार पत्रिका' बंगाली लायनोटाइपवर छापली जाऊ लागली. पुढे लायनो गेला, ऑफसेट आला, संगणक आला. यंत्रे बदलली, वर्तमानपत्र राहिले. हाताने खिळे जुळवणाऱ्याला लायनोवर बसवता येते, लायनोवाल्याला संगणकावर बसवता येते. त्याला नव्या यंत्रावर बसवायचे की घरी बसवायचे, हे यंत्र ठरवत नाही, मालक ठरवतो.

उलट दाखलाही कोलकात्याचाच आहे. १८६८ साली सुरू झालेली 'अमृत बाजार पत्रिका' १९९१ साली बंद पडली. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. मग ही पत्रिका कोणत्या मोबाईलने बंद पाडली? वर्तमानपत्राला टाळे लागायला दर वेळी नवे तंत्रज्ञानच लागते असे नाही.

आता त्या गाजलेल्या संगणक-विरोधाकडे वळू. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने कोलकात्याच्या इलाको हाऊसमध्ये संगणक बसवायचे ठरवले, तेव्हा विमा कर्मचाऱ्यांनी इमारतीवर रात्रंदिवस पहारा दिला. त्यांचा प्रश्न सरळ होता : या यंत्रामुळे कोणाचे काम जाणार, आणि ते ठरवताना आम्हाला विचारणार की नाही? पुढे विम्यात संगणक आला, रेल्वेत आला, टपालातही आला. ऐंशीच्या दशकात रेल्वे आरक्षण संगणकावर गेले, तेव्हा पुठ्ठ्याची तिकिटे देणारे आमचेच बुकिंग क्लार्क शिकून त्या पडद्यापुढे बसले. २०१८ साली टपाल खात्याची पेमेंट्स बँक निघाली, तेव्हा तोच पोस्टमन हातात मोबाईल घेऊन पैसे पोचवू लागला. जुना माणूस, नवे साधन. जिथे शिकवले तिथे कामगार शिकला.

मग हावड्यात काय झाले? रेल्वेचे स्वतःचे छापखाने होते. तिकिटे, ईएफटी पावती-पुस्तके, रजिस्टरे, फॉर्म यांची छपाई आमच्याच माणसांच्या हातून होत असे. २०१९ साली त्यांतले पाचच ठेवायचे ठरले : भायखळा, हावडा, शकूरबस्ती, रॉयपुरम आणि सिकंदराबाद. २०२३ साली रेल्वे बोर्डाने हे पाचही बंद करण्याचा निर्णय घेतला. कारण काय दिले? तिकीट विक्री शंभर टक्के डिजिटल करायची आहे. आणि जी तिकिटे अजून कागदावर लागतात ती कोठे छापायची? बाहेरच्या मान्यताप्राप्त सुरक्षा मुद्रकांकडे!

साथींनो, यातली मेख ओळखा. कागद संपला म्हणून छापखाना बंद होत नाही. कागद राहणार, शाई राहणार, तिकीटही राहणार. जाणार आहे तो रेल्वेचा कामगार. याला 'डिजिटल' म्हणत नाहीत, याला ठेकेदारी म्हणतात. नव्वदच्या दशकात हाच माल 'उदारीकरण' या नावाने विकला गेला. आज वेष्टन बदलले आहे, एवढेच.

हुगळीच्या पलीकडे पाहा. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारच्या १७ छापखान्यांचे ५ छापखाने करण्याचा निर्णय घेतला. त्या पाचांत आपले नाशिक आहे आणि कोलकात्याच्या टेंपल स्ट्रीटचा छापखानाही आहे. या पाचांचे आधुनिकीकरण करू, कोणाची कपात करणार नाही, असे तेव्हा सांगितले गेले. टेंपल स्ट्रीटला नवे यंत्र बसू शकते, तर हावड्याला आणि भायखळ्याला का बसू शकत नाही? सरकार तेच, नदी एकच. मात्र त्याच निर्णयात विलीन झालेल्या छापखान्यांची ४६८ एकर जमीन मोकळी करायची होती, हेही विसरू नका. मोक्याच्या जागेवरची कामगारांची शेड ज्यांच्या डोळ्यांत सलते, त्यांना यंत्र जुने झाल्याचा साक्षात्कार फार लवकर होतो.

वर्तमानपत्रातल्या बांधवांची स्थिती वेगळी नाही. बातमी तेच लिहितात, पण ती मोबाईलवर वाचली गेली की जाहिरातीच्या पैशाचा मोठा वाटा परदेशी कंपन्या उचलतात. ऑस्ट्रेलियाने २०२१ साली कायदा करून या कंपन्यांना बातमीसाठी वृत्तसंस्थांना पैसे मोजायला लावले. आपल्याकडे मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ साली जाहीर झाल्या, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या, तरी अंमलबजावणीसाठी कर्मचाऱ्यांना पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. नवी यंत्रे घ्यायला मालकाकडे पैसा असतो, ती चालवणाऱ्याला द्यायला नसतो. वर्तमानपत्रांचे गठ्ठे आमच्या पार्सल व्हॅनमधून आणि टपालाच्या थैल्यांतून गेले आहेत. त्यांना लावलेला न्याय उद्या आम्हाला लावला जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

तार खात्याचा धडा टपाल-बांधवांना ठाऊकच आहे. देशातली तारेची पहिली लाइन १८५० साली कोलकाता ते डायमंड हार्बर अशी टाकली गेली. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. ती जुनी झाली होती, हे आम्हीही मान्य करतो. पण तेव्हा उरलेल्या कर्मचाऱ्यांना निगमच्या दुसऱ्या कामांत घेण्याचे ठरले. म्हणजे सेवा संपली तरी माणूस सामावता येतो. जिथे सेवा संपलेलीच नाही, तिथे माणूस का सामावत नाही?

म्हणून आमचे म्हणणे स्वच्छ आहे :

१. छापखान्यात, कचेरीत किंवा खिडकीवर नवे तंत्रज्ञान आणण्यापूर्वी मान्यताप्राप्त युनियनशी लेखी करार झाला पाहिजे.

२. प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत, पूर्ण पगारावर मिळाले पाहिजे. पन्नाशीच्या कामगाराला 'आता शिकणार नाही' म्हणून वगळणे चालणार नाही.

३. रेल्वेला लागणारी छपाई रेल्वेच्याच छापखान्यांत झाली पाहिजे. जुन्या कागदपत्रांचे स्कॅनिंग, प्रादेशिक भाषांतल्या सूचना आणि फलक, क्यूआर-कोडची तिकिटे ही कामे याच माणसांना द्या.

४. ज्याच्याकडे मोबाईल नाही अशा प्रवाशासाठी तिकीट-खिडकी उघडी राहिली पाहिजे. त्याला रांगेतून हाकलणे ही प्रगती नव्हे.

५. छापखान्याच्या जमिनीचा पैसा आला तर त्यातला पहिला हक्क तिथल्या कामगारांचा, कंत्राटी कामगारांसह.

कोणत्याही जुन्या उद्योगाला डिजिटल युगात टिकायचे असेल तर त्याच्याकडे असलेली सर्वांत मोठी पुंजी म्हणजे वर्षानुवर्षे काम केलेला माणूस. त्यालाच बाहेर काढून उद्योग वाचवू म्हणणारे घर जाळून कोळशाचा व्यापार करत आहेत. प्रत्येक शाखेने येत्या सभेत हा प्रश्न मांडावा, ठराव करून मंडल कार्यालयाकडे पाठवावा. रेल्वे आणि टपाल यांच्या शाखांनी जिथे शक्य असेल तिथे संयुक्त सभा घ्याव्यात. यंत्र येऊ द्या; पण ते चालवायला आम्हीच बसू.

कामगार एकजुटीचा विजय असो!