दुबईहून आलेल्या मुलाची मराठी

आखाती देशांत राहणारी आपली मुलं गावी कधी येतात? जुलै-ऑगस्टमध्ये. तिकडे उन्हाळ्याची सुट्टी, इकडे कोकणात धो धो पाऊस आणि आपल्या शाळा भरलेल्या. चुलत भावंडं दप्तर घेऊन शाळेत जातात नि हे पोर दिवसभर मोबाईल घेऊन घरात. गणपतीही हुकतात. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि दुबईतल्या शाळा २५ ऑगस्टलाच उघडल्या!

त्यात घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारणार, "काय रे, मराठी येतं का? बोलून दाखव बघू." मूल "पाणी आला" म्हणालं की सगळे हसतात. अहो, हिंदीत पाणी पुल्लिंगीच आहे, नपुंसकलिंग हिंदीत नाहीच. तिकडे खेळताना, दुकानात हिंदी कानावर पडते. मूल नियमानेच बोलतंय, फक्त नियम दुसऱ्या भाषेचा. पण दोनदा हसलात की तिसऱ्यांदा ते इंग्रजीत उत्तर देतं, नाहीतर गप्प बसतं. मग आजीशी कसं बोलणार?

माझं मत स्पष्ट आहे. हसू नका. "हो का, पाणी आलं?" असं सहज म्हणा आणि पुढे चला. मुख्याध्यापकांची परवानगी असेल तर आठ-दहा दिवस त्याला भावंडांबरोबर वर्गात बसू द्या. हजेरीत नाव नसलं तरी काय बिघडतं? डबा खाताना मुलं एकमेकांना जी मराठी शिकवतात, ती मला फळ्यावर शिकवता येत नाही. पालकांनी वर्गासाठी चॉकलेटं नाही आणली तरी चालेल, मुलाला छत्री तेवढी घेऊन द्या.