चाळणी कोणाच्या हातात?



गव्हाची गोष्ट काढली की कापूसवाल्या गावात लोक हसतात. गहू पंजाबचा, आपल्याला त्याचे काय? पण तिकडच्या मंडीत जी चाळणी लागते तीच आपल्या कापसाच्या गाडीला लागते, म्हणून दोन हंगामांचा हिशेब ऐकाच.

मार्च २०२२ मध्ये उत्तरेत उष्णतेने गव्हाचा दाणा चिमला. केंद्राच्या खरेदीत चिमलेला व तुटका दाणा ६ टक्क्यांपर्यंतच चालतो. पण युक्रेनच्या लढाईमुळे त्या साली बाजारभाव २०१५ रुपयांच्या हमीभावावर चढला होता. शेतकरी व्यापाऱ्याला माल घालू लागला. आदल्या हंगामात सरकारी खरेदी सुमारे ४३३ लाख टन, त्या हंगामात अवघी १८८. मग १३ मे रोजी निर्यातबंदी आली आणि लगोलग पंजाब-हरियाणात ६ ची मर्यादा १८ झाली. एक पैसा कटती न करता!

२०२३ साली काढणीच्या तोंडावर अवकाळीने गहू झोडपला. पुन्हा मर्यादा १८. पण या खेपेला ६ च्या वर गेले की क्विंटलमागे ५.३१ रुपये कपात सुरू, १६ ते १८ टक्क्यांना ३१.८७. चकाकी गेली तर त्याचे निराळे. ४० क्विंटलवाल्याचे पावणेतेराशे रुपये गेले. दाणा तसाच, टक्का तोच. बदलली ती फक्त सरकारची गरज.

शेतकी कॉलेजात आम्हाला शिकवले होते की प्रत हा मालाचा गुण. वीस वर्षे बाजारात हिंडल्यावर कळले, प्रत हा घेणाऱ्याच्या गरजेचा गुण आहे.

मर्यादा नकोतच, असे आम्ही म्हणत नाही. ओला गहू कोठारात कुजतो, ओला कापूस गंजीत तापून पिवळा पडतो. दवात वेचलेला कापूस तसाच गाडीत भरणारे आपल्यातही आहेत, हे कबूल करू. पण ६ ऐवजी २ टक्केच तुटका दाणा आणला तर वर रुपया मिळतो का? कटती आहे, बढती नाही.

सोयाबीनचे पाहा. ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ झाली ती १५ नोव्हेंबर २०२४ ला; मतदान २० ला. तोवर गरजवंताचे सोयाबीन व्यापाऱ्याच्या गोदामात जाऊन पडले होते. काळ्या पडलेल्या ज्वारीचे तर बोलायलाच नको.

आणि कापूस? ओलावा ८ च्या वर कटती, १२ च्या वर गाडी परत. हमीभाव ठरतो धाग्याच्या लांबीवर आणि मायक्रोनेअरवर. यार्डात मायक्रोनेअरचे यंत्र तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? ग्रेडर पुंजका बोटांत ओढतो, मान हलवतो, झाले. त्या मान हलवण्याची पावती मिळत नाही.

आमचे मागणे साधे आहे. मर्यादा आणि कटतीचा तक्ता पेरणीआधी जाहीर करा. आपत्तीत सवलत द्यायची तर कपात न करता आणि हंगामाच्या पहिल्या दिवसापासून द्या. ओलावा शेतकऱ्यासमोर मोजा, आकडा काटापट्टीवर लिहा. मर्यादेपेक्षा सरस मालाला बढती द्या.

जिल्हा बैठकीला येताना गेल्या दोन हंगामांच्या काटापट्ट्या घेऊन या. गाडी परत पाठवली असेल तर तारीख, केंद्र आणि सांगितलेले कारण कागदावर लिहून आणा. तालुकावार तक्ता आपण तिथेच बसून करू.