खेळ मांडायला नको, खेळायला हवा



दिवाळीच्या सुट्टीआधी ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रदर्शन भरवण्याची पद्धत आपल्याकडे आणि शहरातल्या बहुतेक शाळांत आहे. टेबलांवर सुरेख खेळ मांडलेले असतात. मी प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारते, “हा खेळ तू कुणाबरोबर खेळलास?” बरीच मुले आईकडे बघतात. खेळ आईने रात्री जागून केलेला असतो. चकाकीचा कागद, मणी, रंगीत टेप, सगळे दुकानातून आलेले असते. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी कधीकधी तेही दिसते. म्हणजे टाकाऊतून टिकाऊ करण्यासाठी आपण नवा टाकाऊ माल विकत आणतो आणि आठवड्याभरात तो सुक्या कचऱ्यात जातो.

यात आयांचा दोष नाही. गुण देखणेपणाला मिळत असतील, तर कोणतीही आई मदतीला धावणारच. माझे म्हणणे एवढेच आहे की, घरी केलेल्या खेळाची परीक्षा तो किती सुंदर दिसतो यावर नव्हे, तर तो किती वेळा खेळला गेला यावर व्हावी.

एक साधे उदाहरण घेऊ. चल्लस-आठ हा खेळ आपल्यापैकी अनेकांच्या आजीला येतो. आपले हिंदीभाषक शेजारी त्याला अष्टा-चंगा म्हणतात. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाच ओळी आणि पाच रांगा, अशी २५ घरे आखायची. मधल्या घरावर आणि चारही कडांच्या मधल्या घरांवर फुली मारायची. सोंगट्यांसाठी बाटल्यांची चार रंगांची झाकणे, प्रत्येकाला चार. फाशांसाठी दोन चिंचोके फोडून चार तुकडे. आतली बाजू पांढरी, बाहेरची तपकिरी. चारही पांढरे पडले तर चल्लस, म्हणजे चार. चारही तपकिरी पडले तर आठ. बहुतेक घरांत या दोन्हींवर पुन्हा टाकायला मिळते. खर्च शून्य.

आता यातले शिक्षण पाहा. आठ इतके क्वचित का पडतात, हा प्रश्न मूल आपणहून विचारते. चार तुकडे पडण्याच्या १६ शक्यता आहेत. त्यांपैकी दोन पांढरे आणि दोन तपकिरी असे ६ वेळा येते. चल्लसची शक्यता १ आणि आठाची १. सातवी-आठवीच्या मुलाला शंभर वेळा टाकून नोंद करायला सांगा. त्याचे आकडे या हिशेबाशी तंतोतंत जुळणार नाहीत, कारण चिंचोक्याची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते. ‘असे का?’ हे त्याला शोधू द्या. विकतच्या गुळगुळीत फाशाने हा प्रश्न पडलाच नसता.

हा विचार नवा नाही आणि आपल्या प्रदेशाला परकाही नाही. होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरम् जिल्ह्यात, १९७२ साली १६ शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी आसपासच्या साध्या वस्तू घेऊन स्वतः प्रयोग करावेत, हे त्याचे सूत्र होते. १९७८ मध्ये अरविंद गुप्ता हे तरुण इंजिनिअर पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन तिथे आले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती तयार केल्या. पुढे पुण्याच्या आयुकामधील विज्ञान केंद्रातून त्यांनी कचऱ्यातून केलेली शेकडो खेळणी मुलांपर्यंत पोहोचवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांवर चकाकी नाही. मूल ती मोडते, पुन्हा जोडते, आणि जोडताना शिकते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आजही बेरीज-वजाबाकी मनात हिंदीतूनच चालते. पण डाव, भिडू, राज्य, सोंगटी, रडीचा डाव हे शब्द मला कोणत्याही वर्गात शिकवले गेले नाहीत. ते आजीसमोर जमिनीवर बसून खेळताना आले. आज आपली मुले मित्रांशी हिंदीत बोलतात, मोबाइलवर इंग्रजी वाचतात आणि मराठी आजीच्या खोलीपुरती उरते. त्या खोलीत पुठ्ठ्याचा एक पट अंथरला, तर नातू आजीशी मराठीत भांडेल. ‘मारल्याशिवाय आत जायचं नाही’ हा नियम खरा की खोटा, यावर वाद होईल. होऊ द्या. भाषा पाठांतराने येते त्यापेक्षा अशा भांडणाने जास्त पक्की होते.

‘आम्हाला वेळ कुठे असतो?’ असे काही पालक म्हणतील. खरे आहे. पण सुंदर वस्तू करायला आईची रात्र जाते. वेडावाकडा पट मूल स्वतः तासाभरात आखते. कात्री-सुरीचे काम मात्र मोठ्यांनी करावे, आणि घरात तान्हे मूल असेल तर चिंचोके, बटणे, गोट्या त्याच्या हाती लागू देऊ नयेत.

म्हणून यंदापासून थोडा बदल करायचे मनात आहे. मांडणीला गुण नाहीत. गोंद आणि सुतळी सोडून काहीही विकत आणायचे नाही. सुट्टीनंतर मुलाने आपला खेळ वर्गात आणावा, त्याचे नियम स्वतःच्या अक्षरात एका पानावर मराठीत लिहावेत आणि दुसऱ्या एका मुलाला तो शिकवून त्याच्याबरोबर एक डाव खेळावा. ज्या आयांच्या हातात खरोखर कला आहे, त्यांच्यासाठी स्नेहसंमेलनात वेगळे दालन ठेवू. तिथे त्यांच्या वस्तू त्यांच्याच नावाने मांडल्या जातील.

२०१७ मध्ये इंदूर पहिल्यांदा देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले, तेव्हापासून ओला-सुका कचरा वेगळा करणे आपल्या घराघरात रुळले आहे. आता एवढेच करा : सकाळी गाडीचे गाणे ऐकू येण्यापूर्वी सुक्या कचऱ्याच्या डब्यावरून मुलांची एकदा नजर फिरू द्या. खोके, झाकणे, जुन्या लग्नपत्रिका, रिकामी रिळे त्यांना हवी ती उचलू द्या. बाकीचे गाडीत जाऊ दे.

— प्राचार्या