रिकाम्या बंडीची परीक्षा



बंडी विकत घेताना ती रिकामी पळवून गिरडचा कास्तकार कधी भुलला नाही. कापूस भरायचा, हिंगणघाटच्या वाटेला लावायची, चढावर आस करकरते का ते ऐकायचे आणि मगच पैसे मोजायचे. २०१७ च्या कर्जमाफीची ऑनलाईन बंडी सरकारने अशी पारखली होती की नाही ते सरकारलाच ठाऊक. भरल्यावर ती रुतली, हे मात्र अख्ख्या महाराष्ट्राने पाहिले.

२४ जुलैला अर्ज सुरू, १५ सप्टेंबरला बंद. कागदाचा अर्ज चालणार नाही, संगणकावरच भरा, असा हुकूम. डवरण-निंदण टाकून नवरा-बायको केंद्रापुढे रांगेत बसले. सर्व्हर बंद, अंगठा जुळत नाही, उद्या या! शेवटी मुदत २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली.

गर्दी फार झाली, हे कारण आम्हाला मान्य नाही. गर्दी किती होणार हे सरकारनेच सांगितले होते: ८९ लाख शेतकरी. दिवस ५४. म्हणजे रोजचे सुमारे १ लाख ६५ हजार अर्ज. दहा तासांचा दिवस धरला तर मिनिटाला २७५. एका अर्जाला वीस मिनिटे लागली तर कोणत्याही क्षणी साडेपाच हजार माणसे एकदम आत बसलेली. शेवटच्या दिवसांत याच्या अनेकपट. सातवीतल्या पोराला जमेल असा हिशेब मंत्रालयात कोणी केला होता का?

हा भार आधी लावून पाहता येतो. संगणकवाले त्याला लोड टेस्टिंग म्हणतात. यंत्रानेच खोटे अर्जदार उभे करायचे, आधी शंभर, मग हजार, मग दहा हजार. ते एकाच वेळी फॉर्म उघडतात, भरतात, जतन करतात. उत्तराला किती सेकंद लागतात, कितव्या माणसाला यंत्र मान टाकते, ते लिहून ठेवायचे. जेमीटरसारखे साधन तर फुकट मिळते. पण ही परीक्षा मुंबईच्या वेगवान लाईनवर घेऊन उपयोग नाही. खेड्यातली रेंज मंद, म्हणून एकेक अर्जदार दार अडवून जास्त वेळ उभा राहतो आणि आतली गर्दी आणखी फुगते. अंगठा तपासणारी आधारची यंत्रणाही याच परीक्षेत धरली पाहिजे. ती अडली की सारेच अडले.

अमेरिकेतही असेच झाले. १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्यविम्याचे सरकारी संकेतस्थळ उघडले. काही दिवस आधीच्या चाचणीत ते काहीशे माणसांनी कोसळले होते, तरी उघडले. पहिल्या दिवशी नोंदणी पुरी झाली फक्त ६ जणांची! पण तिथल्या आरोग्यमंत्री बाईंनी संसदेपुढे माफी मागितली. आपल्याकडे मुदतवाढ हीच मेहेरबानी.

कर्जमाफीची गोष्ट जुनी झाली म्हणू नका. २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या अॅपवर आली. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर कपास किसान अॅपवर नोंदणी सक्तीची झाली. दार एकच, आणि तेही अरुंद.

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत. शेतकऱ्यावर सक्तीचे कोणतेही अॅप सुरू करण्याआधी त्याच्या भारचाचणीचा निकाल तहसील कचेरीत लावा. सर्व्हर जितके तास बंद, तितके तास मुदत आपोआप पुढे. आणि यंत्र बंद असेल त्या दिवशी तलाठ्याने कागदावर अर्ज घेऊन पोच द्यावी.