ड्रोन आला बांधावर!

परवा गावाहून पुतण्याचा फोन आला. "तात्या, औंदा गव्हात खुरपं घालायचं नाही. ड्रोन सांगितलाय. एकराला दहा मिनिटं!" आवाजात असा आनंद, की जणू विमानच विकत घेतलंय. मी म्हटलं, "बरं, पण बांधापलीकडं काय आहे ते बघितलंस का?" तो म्हणाला, "हरभरा आहे वहिनींचा. त्याचं काय?"

त्याचंच तर सगळं आहे, मंडळी!

अमेरिकेतल्या नातवानं मध्यंतरी तिकडच्या गव्हाचा व्हिडिओ पाठवला होता. तिकडे वसंतात तणनाशक फवारतात. आपल्याकडे वसंतात गहू पिवळा पडून काढणीला येतो. आपलं तणनाशक पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास. आणि नेमका तेव्हाच आपल्या धाराशिव जिल्ह्यात शेजारच्या वावरात हरभरा कोवळा असतो. गव्हातली चांदवेल, चंदनबटवा मारायला २,४-डी किंवा मेटसल्फ्युरॉन मिथाईल वापरतात. ही औषधं रुंद पानाच्या तणावर चालतात, अरुंद पानाच्या गव्हाला सोडतात. पण हरभराही रुंद पानाचाच. द्राक्ष, टोमॅटो, तूर, सगळी त्याच गोत्रातली. औषधाला तण कुठलं अन् पीक कुठलं हे कसं कळणार?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच शेतात २,४-डी मारलेला पाठीवरचा पंप नीट न धुता त्यातूनच हरभऱ्यावर अळीचं औषध मारलं. चार-आठ दिवसांत शेंडे असे पिळवटले, की पाहवेना. चूक आमचीच, नुकसानही आमचंच. कुणाकडे तक्रार करणार? पण तेच नुकसान शेजाऱ्याचं झालं असतं तर?

ड्रोनच्या मी विरुद्ध नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते मी विसरलेलो नाही. फवारणाऱ्या माणसाला विषाच्या धुक्यातून बाहेर काढणारं यंत्र आलं, तर त्याचं स्वागतच करायला हवं. २०२३ साली केंद्र सरकारनं बचत गटांतल्या बायकांसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना आणली. ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत. जन्मभर खुरपं धरलेल्या हातात यंत्राची सूत्रं आली, हे पाहून माझ्यातल्या मास्तरला बरंच वाटतं.

पण गणित मांडून बघा. पाठीवरच्या पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. ड्रोन साधारण दहा लिटरमध्ये एकर उरकतो. एकराचं औषध तेवढंच, पाणी मात्र पंधरा-वीस पट कमी. म्हणजे थेंब तितकाच जहाल. त्यात तो बारीक, वरून पडणारा आणि पंख्याच्या वाऱ्यानं हेलकावणारा. कीटकनाशकाचा थेंब भरकटला तर शेजारच्या पिकावर बहुधा खूण राहत नाही. तणनाशकाचा भरकटला तर शेजारचं पीकच जातं.

आणि ह्यातलं काही नवीन नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच हवाई फवारणीबद्दल लिहून ठेवलंय: किमान चोवीस तास आधी लोकांना कळवा, क्षेत्राची आखणी करा, माणसं-जनावरं दूर ठेवा. पन्नास वर्षांपूर्वी विमानं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला नियम आज आपल्या बांधावर उतरलाय, इतकंच. आदल्या दिवशी गावात दवंडी नाही, तर निदान ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकायला काय हरकत आहे?

म्हणून पुतण्याला मी सांगितलं: लेबलवर गव्हाचं नाव नसेल आणि ड्रोननं फवारायला मान्यता नसेल, तर ते औषध नको. वारा वहिनींच्या रानाकडं असेल तर त्या दिवशी ड्रोन परत पाठव. आणि बांधालगतचा पंधरा पावलांचा पट्टा सोड, तिथं खुरपणीच कर. तो म्हणाला, "तात्या, दोन एकरात पंधरा पावलं म्हंजी आठवा हिस्सा गेला की!" गेला नाही रे बाबा, खुरपायला राहिला.

कारण ह्याच वहिनी दर साल आमच्या गव्हात खुरपायला येतात. नवरा गेल्यापासून तो एकरभर हरभरा आणि ही रोजंदारी, एवढाच त्यांचा संसार. खुरपलेलं गवत त्यांच्या शेळीला जातं, चंदनबटव्याची भाजी होते. ड्रोन आला की मजुरी गेली, गवत गेलं; आणि वर वारा फिरला तर हरभराही गेला. एका दहा मिनिटांत एका घराचं किती जाऊ शकतं!

मजूर मिळत नाहीत हे पुतण्याचं म्हणणं खोटं नाही. पण वाचलेल्या मजुरीतून त्या पट्ट्याचे पैसे देणं त्याला जड नाही. यंत्र आपल्या रानात चालवायचा हक्क आपला. वारा मात्र सामाईक असतो.

पुतण्या म्हणाला, "वहिनींशी बोलून सांगतो." अजून फोन आलेला नाही. वाट बघतोय.

तुमच्या गावाकडं काय चाललंय? जरूर कळवा.