आकडा लागला, फाइल मिटली

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीना नदीने पात्र सोडले. सोलापूर, धाराशिव, बीडकडच्या शिवारांतली माती सोयाबीनसकट खरवडून गेली आणि काही गावांतून माणसे हेलिकॉप्टरने उचलावी लागली. आमच्या टेबलावर त्या वेळी तंजावरच्या भोसल्यांवरच्या लेखांची मुद्रिते पडली होती. वर्षभर ठुसठुसणारी एक गोष्ट त्या आठवड्यात पुन्हा ठणकू लागली, म्हणून संपादकीयाची जागा तिलाच देतो. वर्षाचा आढावा तुम्ही आमच्याकडे कधी मागितलेला नाही. जयंत नारळीकर गेले. तिसऱ्या भाषेचा जीआर आला तसा मागे गेला. जुलैत युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले लागले, त्यांत तमिळनाडूतली जिंजीही आली, आणि त्या निमित्ताने यंदाचा अंक दक्षिणेकडे वळला. एवढे पुरे.

ठुसठुस अशी: दर पावसाळ्यात आपल्याकडे पुरात माणसे मरतात. संध्याकाळपर्यंत आकडा लागतो, पालकमंत्री येऊन जातात, वारसाला चार लाखांचे सानुग्रह अनुदान मंजूर होते आणि फाइल मिटते. तो माणूस नेमका कसा मेला, हे कोणी विचारत नाही.

पुराव्याची कागदपत्रे बघा. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसाचा दाखला, आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स. सगळा गठ्ठा एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: पैसे कोणाला द्यायचे? पुलावर किती पाणी होते, माणूस पायी होता की मोटारसायकलवर, रस्ता कोणी अडवला होता का, इशारा त्याच्या कानावर गेला होता का, आणि एवढ्या पाण्यात तो निघाला कशासाठी, याला त्या गठ्ठ्यात जागा नाही. मृत्यूचे कारण म्हणून ‘पाण्यात बुडून’ लिहिले की झाले. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते; रकाने मात्र जुनेच आहेत.

यात काय बिघडले, असे विचारणारे भेटतात. पूर म्हणजे पूर, माणूस बुडणारच. हेच तर खरे नाही. 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवसांत महाराष्ट्रात हजाराच्या वर माणसे गेली, ती काय सगळी बुडून? साकीनाक्याला दरड कोसळून गेली. काही जण बंद मोटारीत गुदमरले. काचा विजेवर चालणाऱ्या, पाणी शिरल्यावर त्या उतरल्याच नाहीत. दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगरात लाट येते आहे अशी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत माणसे मेली. पुढच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने आणखी गेली. दरडीवरचा उपाय मोटारीला लागू पडत नाही आणि अफवेवरचा लेप्टोला. त्या पुरानंतर नेमलेल्या चितळे समितीने मुंबईच्या पाण्याचा, नाल्यांचा, मिठी नदीचा बारकाईने अभ्यास केला. तशा बारकाईने एकेका मृत्यूचा झाला असता तर?

8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. त्या बोटीतली माणसे पुरात अडकून मेली नाहीत, पुरातून सुटताना मेली. बोट गावातलीच, माणसे तिच्या कुवतीपेक्षा जास्त, अंगात जाकिटे नाहीत. सुटका करणारेही आधी पायरीपायरीने शिकवलेले असावे लागतात, हा धडा त्या सतरा मृत्यूंनी द्यायला हवा होता. आपण काय शिकलो? मदत लवकर पोचली पाहिजे. ती तर पोचलीच पाहिजे. पण धडा तो नव्हता.

महाडला 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल गेला. अंधारात दोन एसट्या नि एक जीप थेट नदीत उतरल्या. पुढच्या गाड्या कोणा यंत्रणेने थांबवल्या नाहीत. पुलाजवळच्या गॅरेजमधला एक माणूस धावला आणि त्याने त्या अडवल्या. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले! व्हायलाच हवे होते. पण रात्री पूल पडला तर पुढची एसटी कोणी थांबवायची, याची नेमणूक कोणत्या नदीवर झाली, हे कोणी सांगेल?

परदेशात हे असले हिशेब मांडलेले आहेत. युरोप-अमेरिकेतल्या तेरा पुरांतले 247 मृत्यू एकेक करून तपासणारा एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. दोन-तृतीयांश माणसे बुडून गेलेली, त्यांतली बरीचशी गाडीत बसून. उरलेली मार लागून, हृदय बंद पडून, विजेच्या धक्क्याने, जनरेटरच्या धुराने. मेलेल्यांत पुरुष फार, आणि त्यांतल्या पुष्कळांनी नको ते धाडस केलेले. याच्या उलट 2004 च्या त्सुनामीत नागपट्टणमच्या किनाऱ्यावर अनेक गावांत बायका अधिक गेल्या. पुरुष समुद्रात होते, खोल पाण्यात लाट जाणवतही नाही. बायका किनाऱ्यावर मासळी उतरवून घ्यायला थांबलेल्या, कडेवर मूल, अंगाला ओली साडी. पाणी तेच; कोण मरणार हे त्या क्षणी कोण कुठे उभे होते यावर ठरते.

नागपट्टणमवरून तंजावरला येतो. हा सांधा ओढूनताणून जोडलेला आहे, असे आमचे सहसंपादक म्हणतात. असू दे.

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला ओरत्तनाडु लागते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा हा दक्षिणेकडचा, कल्लणै बंधाऱ्याच्या कालव्यावर भिजणारा भाग. सपाट भूमी, भात आणि नारळ. आपल्या सावित्री-वाशिष्ठीसारखे पाणी इथे अंगावर धावून येत नाही. ते कालव्यातून, पाटातून, शेतातून फुगत येते आणि दिवसेंदिवस बसून राहते. अशा पावसात खोऱ्यातली माणसे वाहून जाण्याऐवजी झोपेत मरतात. भिजून भिजून फुगलेली मातीची भिंत पहाटे अंगावर येते. 16 नोव्हेंबर 2018 ला गजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागले आणि ओरत्तनाडु-पट्टुकोट्टैच्या नारळीबागा त्याने झोपवल्या. त्याआधी हजारो माणसे छावण्यांत हलवलेली होती, म्हणून अशा वादळाच्या मानाने मृत्यू कमी झाले. तरीही पन्नासहून अधिक गेले, त्यांत भिंती आणि झाडे पडून गेलेले बरेच. तिथे इशाऱ्याचा भोंगा पुरणार नाही. पावसाळ्याआधी कोणाची भिंत कच्ची आहे, हे घरोघर हिंडून बघणारा माणूस लागेल.

याच ओरत्तनाडुत सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मुक्तांबाळचे छत्र, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा, उभारले. दगडी हत्ती-घोड्यांची, रथासारखी बांधणी, रामेश्वरच्या वाटेवरचे. या अंकात त्यावर वेगळा लेख आहे, तेव्हा आम्ही त्याच्या शिल्पात शिरत नाही. तंजावरच्या छत्रांत काय चालते, हे सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्राने कळवले होते, तेवढे सांगतो. वाटसरूला जेवण. आजारी पडला तर वैद्य, आणि बरा होऊन चालू लागेपर्यंत पथ्याचे अन्न. बाळंतिणीची आणि तान्ह्याची सोय. वाटेत मेला तर त्याच्या जातिधर्माप्रमाणे अंत्यविधी. मागे मूल पोरके राहिले तर ते छत्रात वाढवायचे. राज्य तोवर नावापुरते उरलेले, महसूल कंपनीच्या हातात गेलेला. तरी कुठून आला ठाऊक नाही अशा यात्रेकरूच्या दुखण्याखुपण्याचा विचार कलमवार करून ठेवलेला होता. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांवर नजर टाकली तरी हा दरबार बारीकसारीक खर्च कसा टिपून ठेवी, ते दिसते.

आमचे मागणे त्याहून लहान आहे. महाराष्ट्रात बाळंतपणात बाई दगावली तर तिच्या मृत्यूचे अन्वेषण होते. आरोग्य खात्याची माणसे घरी जातात, कळा कधी सुरू झाल्या, गाडी कधी मिळाली, कोणत्या दवाखान्याने पुढे पाठवले, सगळे विचारून लिहून घेतात. राज्यातला मातामृत्यूदर 2007–09 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 104 होता. 2018–20 मध्ये तो 33 वर आला. सगळे श्रेय अन्वेषणाचे नाही, 108 ची गाडी आहे, आशाताई आहेत. पण बाई नेमकी कुठे अडकून मरते ते कळल्याशिवाय गाडी कुठे उभी करायची हे कसे ठरणार? हीच पद्धत पुराच्या मृत्यूला लावा. तालुक्याला एक समिती, घटनेनंतर महिन्याच्या आत घरभेट, एका पानाचा अर्ज. चार लाख देताना ते पान भरले गेलेच पाहिजे, एवढी अट.

मग काय हाती लागेल, याचा थोडा अंदाज आम्हाला आहे, कारण वर्षभर कात्रणे काढली. पुन्हा पुन्हा एकच जागा येते: फरशी पूल. कठडे नाहीत, कडेला चुन्याने रंगवलेले दगड, तेही पाणी चढले की बुडालेले. गढुळ पाण्यात फरशीची कड दिसत नाही. मधला तुकडा उखडला असला तरी कळत नाही. घोट्यापर्यंत आहे म्हणून माणूस उतरतो, अर्ध्यावर पोचतो तोवर पाणी गुडघ्याला लागते. फूटभर वाहते पाणी लहान मोटार उचलायला पुरते, मोटारसायकलचे काय घेऊन बसलात? पलीकडे घर दिसते, जनावरे बांधलेली असतात, दूध पोचवायचे असते, आणि पाच मिनिटांपूर्वी दुसरा कोणी तरी गेलेला असतो. त्याला मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पुलाच्या दोन्ही तोंडांना साखळी लावायची, तिची चावी पोलीस पाटलाकडे द्यायची, खांबावर फुटांच्या लाल रेघा मारायच्या आणि रेघ बुडाली की साखळी ओढायची. या कामाला निविदा काढायचीही गरज पडू नये. म्हणूनच बहुधा ते होत नाही.

जूनमध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या ओझ्याखाली कोसळला. धोक्याची पाटी होती, हे लगेच सांगण्यात आले. पाटी लावली की जबाबदारी संपते, हा आपल्या कारभाराचा लाडका समज. 7 ऑक्टोबरला सरकारने अतिवृष्टीसाठी 31 हजार 628 कोटींची मदत जाहीर केली. शेतकऱ्याला तिची गरज आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आम्ही फक्त त्या एका पानाच्या अर्जाबद्दल विचारत आहोत.

तोवर तुम्हाला एक काम सांगतो. आमचा वाचक गावोगाव आहे, कोणी शिक्षक, कोणी ग्रामसेवक, कोणी एसटीचा निवृत्त वाहक. आपल्या गावच्या फरशी पुलावर आजवर कोण गेले, कोणत्या वेळी, कशावर बसून, कशासाठी निघाले होते, हे पोस्टकार्डावर मावेल तेवढे लिहून पाठवा. मृताचे नाव नको, पुलाचे हवे. मार्चअखेरपर्यंत आलेली पत्रे जिल्हावार लावून पुढच्या अंकात छापू आणि एकेक प्रत त्या त्या जिल्हाधिकाऱ्याला, पोच घेऊन, नेऊन देऊ.