सासष्टीतला परदेशी पुराणिक

मंगळवार पेठेत घरोघरी नवरात्राचा नंदादीप तेवत असता एका पाद्र्याचे स्मरण कोणास विचित्र वाटेल. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली धर्मप्रसारार्थ गोव्यास आला. त्यापूर्वीच पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतील देवळे पाडली होती. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली होती. पुराण थांबले, पण श्रवणाची तहान कशी थांबावी? नवख्रिस्ती लोकांनीच पुराणासारखे काही मागितले, आणि स्टीफन्सने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. ईश्वराच्या प्रेमाची कथा सांगण्यास त्यालाही ओवीच्याच दारी यावे लागले! मराठीवरील त्याची माया खरी होती, याविषयी आम्हांस संशय नाही. (गोडीने सांगितलेली कथा परकी वाटत नाही, हे आम्हां हरदासांना ठाऊक आहे.) तथापि त्या मायेने पाडलेल्या देवळांचे दुःख फिटत नाही. नारदांच्या भक्तिसूत्रांत भक्तीचे स्वरूप प्रेमच सांगितले आहे. तेथे दंडाला आणि भयाला जागा कोठून असणार? मूर्ती उराशी धरून नदी ओलांडणाऱ्या भाविकांची नावे आम्ही कीर्तनात घेत नाही. कवळ्यास मात्र देवीची पूजा आजही चालू आहे.